उन्हाळी ट्रेक अपडेट: आधी सावली बघा, मग पाणी

मार्चपासून उन्हातली प्रॅक्टिस सुरू आहे त्याचा हा अपडेट. मागच्या वेळी सगळं पाण्यावरच लिहिलं होतं, किती लिटर, कुठली बाटली वगैरे, पण आता मी ट्रेक ठरवताना सगळ्यात आधी बघतो की चढ कुठल्या दिशेच्या अंगावर आहे. कोकणातून देशावर येणाऱ्या घाटवाटा बहुतेक पश्चिम अंगाला, म्हणजे सकाळी सूर्य कड्याच्या मागे आणि आपण सावलीत. कोकणातल्या पायथ्याच्या वैशाखरे गावाकडून नाणेघाट चढलो तेव्हा उजाडायच्या आत निघालो होतो, तर सातवाहनांच्या लेण्यापर्यंत टोपी सॅकमध्येच राहिली.

कळसूबाईचं उलटं आहे. पायथ्याचं बारी गाव शिखराच्या पूर्वेला, त्यामुळे सूर्य उगवला की थेट पाठीवर आणि वर जाताना त्या लोखंडी शिड्या. १६४६ मीटर उंची आहे म्हणून गार असेल असं समजणारे दर सीझनला भेटतातच. उन्हाळ्यात तिथं रात्री चढायचं, सूर्योदय बघायचा, देवीचं दर्शन घ्यायचं आणि कोणी कितीही चहाभजीचा आग्रह केला तरी खाली सटकायचं.

बरं सकाळच्या सावलीचा एक झोल आहे, दुपारी तीच भिंत सूर्यासमोर येते. त्यामुळे नाणेघाट चढून वर लोळत बसायचं आणि दोन वाजता त्याच वाटेनं उतरायचं हे मला तरी पटत नाही, तोपर्यंत कातळ तापलेला असतो, पाणी संपत आलेलं असतं आणि सुकलेल्या गवतावर, घसाऱ्यावर (सुटी माती-दगड) पाय सटकतात ते वेगळंच. एकतर ऊन तापायच्या आत खाली या, नाहीतर पलीकडे घाटघर गावात उतरून जुन्नर गाठा.

आता पंचाचा प्रयोग. साधा सुती पंचा भिजवून मानेवर टाकला, खाली वैशाखऱ्याच्या रानात तो वाळतच नव्हता, नुसता कोमट चिकट होऊन बसला, आणि पठारावर वाऱ्याला लागल्या लागल्या गार पडला आणि बघता बघता कोरडा. घामाचंही अगदी तेच होतं. कोकणात हवा दमट, घाम उडत नाही म्हणून अंग थंड होत नाही, तिथं स्पीडच कमी ठेवावा लागतो. वर घाम लगेच उडतो, आपल्याला वाटतं घामच येत नाहीये आणि माणूस पाणी प्यायचं विसरतो. शर्टच्या पाठीवर मिठाचे पांढरे पट्टे दिसले की समजायचं किती गेलंय ते.

पाणी लहान घोटांनी आणि सोबत मीठ पाहिजेच, नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम कमी होऊन वेगळाच घोळ होतो. ओआरएसचं एक पाकीट पूर्ण एक लिटरमध्येच टाका, अर्ध्या बाटलीत स्ट्राँग करून पिणारे महाभाग आहेत आपल्यात. मला स्वतःला मीठ घातलेलं कोकम सरबत जास्त चालतं, ताक उन्हात आंबतं म्हणून ते घरी परत आल्यावर. आणि गडावरच्या कातळात खोदलेल्या टाक्यांच्या भरवशावर जाऊ नका, एप्रिल-मेमध्ये तिथलं पाणी आटलेलं किंवा हिरवं झालेलं असू शकतं, आधी पायथ्याच्या गावात फोन करून विचारा.

शरीराला उन्हाची सवय व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात, म्हणून वीकेंडच्या मध्ये संध्याकाळी पाचला ठाण्याच्या येऊरच्या रस्त्यावर तासभर चालतोय. फरक जाणवतोय, छातीची धडधड आधीपेक्षा कमी आहे.

ग्रुपमध्ये एक नियम केलाय, सगळ्यांना बोलतं ठेवायचं. बडबड्या माणूस गप्प झाला की थांबायचं. डोकं दुखतंय, मळमळतंय, गरगरतंय तर सावलीत आडवं करून पाय वर, घोट घोट ओआरएस. पण असंबद्ध बोलायला लागला, तोल जायला लागला तर तो उष्माघात धरूनच चालायचं, ताप ४० च्या वर गेलेला असू शकतो, तेव्हा जेवढं पाणी असेल तेवढं अंगावर ओतायचं, वारा घालत राहायचं, १०८ ला फोन, आणि शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी अजिबात घालायचं नाही, ठसका लागतो.

पुढचा प्लॅन नाणेघाटाशेजारची घाटवाट, भोरांड्याचं दार, मे संपायच्या आत. तिथली नाळ (दोन कड्यांमधली अरुंद उभी घळ) सकाळी किती वाजेपर्यंत सावलीत असते हे कोणी उन्हाळ्यात जाऊन बघितलं असेल तर सांगा रे.