शिळेवर आकडा आहे, नावं शोधायची आहेत: साताऱ्याच्या युद्धशिळांच्या वाटेवर

सातारा तालुक्यातल्या अपशिंगे गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' लागतं, ते उगाच नाही. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले. त्यांचं स्मारक गावात आहे. सातारा-रत्नागिरीच्या इतर गावांतून हिंडताना भिंतीत बसवलेल्या लहानशा शिळा भेटतात. त्यांवर एवढंच कोरलेलं असतं: १९१४ ते १९१९ च्या लढाईला या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. दोन आकडे, नाव एकही नाही. गाव शोधाला बसतं ते तिथूनच.

शिळेचा फोटो सकाळी किंवा संध्याकाळी, तिरप्या उन्हात काढावा. माध्यान्हीला झिजलेली अक्षरं दिसतच नाहीत. मग एका बाजूने टॉर्च धरावा. तारेचा ब्रश, ॲसिड, तैलरंग यांपैकी काहीही लावू नये. रंग भरणाऱ्याच्या हातून १ चा ९ झाला, की पुढचा सगळा हिशेब चुकतो आणि मूळ खोदकामही झाकलं जातं.

मग घरोघरी जायचं, आणि पहिली विचारणा पदकांची करायची. देव्हाऱ्यातलं किंवा ट्रंकेतलं पदक बघताना राजाच्या मुखवट्यापेक्षा कड महत्त्वाची, कारण शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कडेवर कोरलेली असते. '१९१४-१५ चा तारा' या ताऱ्याच्या आकाराच्या पदकावर तीच माहिती मागच्या बाजूला असते. घरच्यांनी प्रेमाने चिंचेने घासून लख्ख केलेली पदकं पाहिली की जीव हळहळतो, कारण तेवढं नाव झिजलेलं असतं. मृताच्या वारसाला मिळालेल्या, सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाच्या काशाच्या चकतीवर फक्त नाव असतं. नंबर नाही, पलटण नाही.

नंबर आणि पलटण हाती आली, की युद्धात मेलेल्या सैनिकांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर शोध घ्यायचा. इथे बहुतेक गावं अडकतात ती स्पेलिंगवर. ऐकलं तसं कारकुनाने लिहिलं. जाधवचा 'जाधाव' किंवा 'जाधो' होतो, शिंदेचा 'सिंदे'. कधी आडनावच नसतं, फक्त स्वतःचं आणि बापाचं नाव. म्हणून आडनावाऐवजी पलटण आणि गाव धरून शोधावं, गावाचं नावही चार-पाच तऱ्हेने लिहून पाहावं. जिल्हा त्या काळचा घ्यावा: आजच्या सांगलीतली बरीच गावं तेव्हा साताऱ्यात होती, सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीत होता आणि रायगडचं नाव कुलाबा होतं.

पलटणींच्या नंबरांचा घोळ तर प्रत्येक गावात होतो. १९२२ च्या फेररचनेत १०३ वी मराठा पलटण पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली बटालियन झाली, ११० वी तिसरी, ११७ वी पाचवी. आजोबा 'पाचव्या मराठ्यात' होते एवढंच घरात सांगत असतील, तर ते १९१६ च्या यादीत त्या नावाने सापडणार नाहीत. या तिन्ही जुन्या पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, कूत शहराच्या वेढ्यात अडकल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ ला तिथल्या फौजेने शरणागती पत्करली. म्हणून मरणाची जागा विचारताना 'फ्रान्स' या ठरलेल्या उत्तरावर थांबू नये, 'बसरा' हा शब्द कानावर येतो का ते ऐकावं.

गावची कागदपत्रं वेगळ्याच कारणाने उपयोगी पडतात. कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत, परदेशी मेलेल्याची नोंद नसते, ती तिथे शोधत दिवस घालवू नये. त्याच्या जमिनीची वारस नोंद मात्र जुन्या फेरफारात सापडू शकते. ती तारीख मृत्यूची नव्हे. खबर पोचून नोंद होईपर्यंत महिने, कधी वर्षं गेलेली असतात. अक्षर मोडी असेल तर जाणकाराकडून वाचून घ्यावं आणि लिप्यंतराशेजारी मूळ पानाचा फोटो ठेवावाच.

एवढं करूनही शिळेवरचा आकडा आणि आपली यादी जुळेलच असं नाही. कमिशन ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळातले मृत्यू धरतं, शिळा १९१९ ला थांबते. यादी जुळवण्यासाठी नाव घुसडू नये. पुरावा दोन ठिकाणचा असेल तर शाईने, एकाच घरची आठवण असेल तर पेन्सिलीने लिहावं. बसऱ्याच्या स्मारकावरसुद्धा भारतीय अधिकाऱ्यांची नावं आहेत आणि साध्या शिपायांची पलटणीखाली फक्त संख्या. त्यामुळे गावच्या वहीत पेन्सिलीने उतरलेलं नावही खोडायचं नाही.