हलगी तापवायची कुठे? : आमची वाटचाल

सांगलीच्या वखारभागातलं हळदीचं एक जुनं गोदाम, आत १४० माणसांची जागा, आणि दिवाळीनंतर फाल्गुनापर्यंत महिन्यातून एक-दोन शनिवारी लोकसंगीताची बैठक. आमचा धंदा एवढाच. २०१७ साली सुरुवात केली तेव्हा सगळं लक्ष स्पीकर, दिवे आणि पोस्टरवर होतं. पण देवळापुढे, माळावर किंवा लग्नघरी रात्रभर चालणारी गोष्ट दोन तासांच्या बंद खोलीत आणायची, तर स्पीकर ही सगळ्यात शेवटची बाब असते. आधी खोली, मग चामडं, मग पंचांग.

खोलीपासून सांगतो. दगडी भिंती, वर पत्रा, खाली शहाबादी फरशी. रिकाम्या गोदामात टाळी वाजवली की दोन सेकंद घुमायची. अशा जागी शाहिराचा शब्द कळत नाही, आणि पोवाड्यात शब्दच कळला नाही तर नुसता डफ ऐकायला कोण येणार? आधी मागच्या भिंतीवर गोधड्या टांगल्या. त्यांनी वरचा कर्कश आवाज गिळला, पण ढोलकीच्या धुमेची, म्हणजे खर्जाच्या तोंडाची, घूम होती तशीच राहिली. पातळ कापडाला खालचे सूर दाद देत नाहीत. मग दोन इंच जाडीचे रॉकवूलचे (दगडी तंतूंच्या लोकरीचे) तक्ते गोणपाटात शिवले आणि लाकडी पट्ट्यांवर, भिंतीपासून दोन इंच सोडून बसवले. त्या पोकळीमुळे तेवढ्याच जाडीचा तक्ता खालच्या सुरांवरही काम करतो. भिंतीला चिकटवून टाकला तर निम्मे पैसे वाया. मागची भिंत पूर्ण झाकली, बाजूच्या निम्म्या. मंचामागची मुद्दाम उघडी ठेवली. तीही झाकली की गाणाऱ्याला स्वतःचा आवाज परत मिळत नाही, तो जोर लावत जातो आणि अर्ध्या तासात घसा बसतो. थर्माकोल स्वस्त असतो म्हणून बरेच जण लावतात. लावू नये. आवाज फारसा शोषत नाही आणि पेट मात्र चटकन घेतो.

पत्र्यावरच्या पावसाला आमच्याकडे उत्तर नाही. बांबूचे तट्टे लावून पाहिले; भुरभुर सोसते, सर आली की शेजाऱ्याचंही ऐकू येत नाही. म्हणून जून ते सप्टेंबर दार बंद. शिवाय कृष्णा आहे. आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका हे सांगलीकराला पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं. तेव्हापासून विजेचा बोर्ड आणि अँप्लिफायरची मांडणी जमिनीपासून सात फुटांवर आहे, आणि तक्ते खिळ्यांऐवजी आकड्यांवर. दोन माणसं तासाभरात सगळे काढून माळ्यावर टाकू शकतात. भिजलेलं रॉकवूल वाळवून पुन्हा वापरता येत नाही. दबतं आणि कुबट वास धरतं.

मंच पहिल्यांदा तीन फूट उंच बांधला होता. ती चूक होती. पुढे जाजमावर ६० माणसं बसतात, त्यांच्या माना मोडायच्या. आणि भारुडातला माणूस बोलता बोलता लोकांत उतरतो, त्याला तीन फुटांवरून उडी मारावी लागायची. आता उंची १८ इंच, समोर पूर्ण रुंदीची एक पायरी. मागे ८० खुर्च्या. गुडघे दुखणाऱ्यांसाठी जाजमाच्या कडेने भिंतीला लागून बाकं ठेवली आहेत, तीच आधी भरतात.

आता चामडं. हलगी म्हणजे लोखंडी कड्यावर ताणलेलं शेळीचं कातडं, एका हातात जाड टिपरू, दुसऱ्यात बारीक लवचीक काडी. हवेत ओल असली की कातडं पाणी धरतं, सैल पडतं आणि ‘टण्’चा ‘थप्’ होतो. जत्रेत वाजवणारे पाचटाचा जाळ करून तापवून घेतात. गोदामात जाळ कुठे करणार? मंचामागे पत्र्याच्या आडोशाला १००० वॅटची कॉइलची शेगडी ठेवतो. हलगी तिच्यावर वीतभर उंच धरायची, गोल फिरवत राहायची, एका जागी थांबवायची नाही. कातडं सगळ्यात आधी फाटतं ते कड्याच्या काठाशी, कारण तिथे लोखंड तापून खालूनही भाजतं. तळहात कातड्यावर ठेवून चटका बसायच्या आत काढायची. डिसेंबरातल्या थंड रात्री तापवलेली हलगी पंधरा-वीस मिनिटं टिकते, म्हणून माणशी दोन हलग्या आणायला सांगतो. एक वाजते, एक तापते. नटबोल्टवाल्या प्लास्टिकच्या हलग्यांना हा व्याप नाही. पण त्यांना गुंजही नाही, बंद खोलीत तर त्या नुसत्या कानात टोचतात. कातड्याचीच आणा, शेगडी आमची, असं आम्ही सुपारी देतानाच सांगतो.

ढोलकी मात्र शेगडीजवळ नेऊ देत नाही. उष्णतेने शाईला, म्हणजे तोंडावरच्या काळ्या लेपाला, बारीक तडे जातात आणि मग ती कुठल्याच सुराला नीट लागत नाही. तिला दोर आणि कड्या आहेत, त्यांवरच चढवायची. गायकाची पट्टी दोन दिवस आधी विचारून घेतो, कारण काळी चारला लागलेली ढोलकी ओढूनताणून काळी एकला उतरवली तर शाई सुस्त बोलते. त्यापेक्षा दुसरी आणलेली बरी. ऐनवेळी पान, म्हणजे तोंडावरचं कातडं, फाटलं तर मिरज जवळ आहे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं त्याचं कौतुक सगळीकडे झालं, पण आमच्या उपयोगाचे म्हणजे तबला-ढोलकीची पानं चढवून देणारे हात. त्यांना मात्र एक दिवस द्यावा लागतो, म्हणून एक ढोलकी कायम गोदामात तयार ठेवतो.

माइकच्या बाबतीत पहिली दोन वर्षं आम्ही उलटंच करत होतो. संबळाला माइक लावला. संबळ कमरेला बांधून उभ्याने वाजवतात, दोन तोंडं, दोन काठ्या, त्यातली एक टोकाला वाकडी. १४० माणसांच्या खोलीत त्याला माइकची गरजच नसते. तो वाढला की गाणं दबायचं, मग गाण्याचा आवाज वाढवायचा, मग स्पीकर शिट्टी मारायचे. आता संबळ, हलगी, झांज यांना माइक नाही. संबळवाले मामा गाणाऱ्यांच्या तीन-चार फूट मागे उभे राहतात आणि तेवढ्यानेच तोल जमतो. माइक लागतो तो गळ्याला आणि तुणतुण्याला. तुणतुणं बिचारं नेहमी हरवतं. लाकडी नळकांडं, तळाला चामडं, चामड्याच्या मध्यातून वर खुंटीला गेलेली एकच तार. माइक तारेसमोर धरला तर नुसती नखी ऐकू येते. खाली चामड्यापासून चार बोटांवर, थोडा तिरका धरला की खरा सूर येतो. यल्लम्माच्या जोगव्यात वाजणाऱ्या एकतारी चौंडक्याचंही तसंच, पण त्याचा वादक तार ताणत-सैल सोडत सूर वरखाली नेतो आणि अंगही हलवतो. म्हणून उभा स्टँड न ठेवता छोटा क्लिप माइक नळकांड्याच्या उघड्या तोंडाच्या काठाला लावतो. गाण्याला साधे डायनॅमिक माइक, दोन बारा इंची स्पीकर, सबवूफर नाही. संपूर्ण यादी एवढीच.

गोंधळात दिवटी, म्हणजे तेलाची मशाल, पेटती लागते. ती देवीची खूण, तिच्याजागी बॅटरीचा दिवा चालत नाही आणि आम्ही तसं सुचवतही नाही. मागचा पडदा सहा फूट मागे घेतला, दिवटीखाली पितळी परात, बाजूला वाळूच्या दोन बादल्या, ओलं पोतं आणि फक्त त्याच कामाचा एक माणूस. तेल घालायचं काम त्याचंच, आणि घालायचं ते मंचाच्या मागे. मंचावर चप्पल नाही. हा नियम आवाज जोडणाऱ्या पोरांनाही.

वेळेचं गणित सगळ्यात अवघड. रात्रभराचा गोंधळ सव्वादोन तासांत बसवताना सगळ्याचं थोडं थोडं कापलं तर काहीच रंगत नाही. नमन, देवतांना आवाहन, एकच आख्यान, जोगवा, आरती. आख्यान कुठलं ते नाईकांशी, म्हणजे मुख्य गोंधळ्याशी, बसून आधी ठरवायचं. पहिली अर्धी-पाऊण घटका गळा तापण्यात जाते, ती धरूनच हिशेब करायचा. समोरून ‘वेळ संपली’चा दिवा दाखवण्याचा प्रकार बंद केला. आख्यान अर्ध्यावर सोडणं कुठल्याच गोंधळ्याला जमत नाही, आणि जमू नये. सातला सुरू, साडेनवाच्या आत संपलेलं. रात्री १० नंतरच्या ध्वनिक्षेपकबंदीतून बंदिस्त सभागृहाला सवलत आहे खरी, पण पत्र्याच्या गोदामाला बंदिस्त म्हणायला शेजारी तयार होत नाहीत.

बक्षिसाचा प्रश्न वेगळाच. शंभराची नोट घेऊन माणूस मंचाजवळ येतो, गाणं थांबतं, नाव पुकारलं जातं. तीस माणसं आली की वीस मिनिटं गेली. बंदी घातली तर कलाकारांचं नुकसान आणि लोकांचाही हिरमोड. आता पायरीवर तांब्याचं ताट असतं, चिठ्ठीवर नाव लिहून नोटेसकट ठेवायचं, मध्यंतरानंतर सगळी नावं एकदम वाचली जातात. ताटातला पैसा थेट फडाचा, त्यात आमचा वाटा नाही.

बाकी पैशांचं उघड सांगतो. तिकीट २५० रुपये. आठ-दहा जणांच्या फडाची बिदागी १८ हजार, टेम्पो ४ हजार, दोन वेळचं जेवण-चहा अडीच हजार, वीज आणि आमची माणसं ४ हजार. म्हणजे साडेअठ्ठावीस हजार. ११४ वं तिकीट विकलं की खर्च निघतो. दहा जागा कलाकारांच्या घरच्यांसाठी राखीव, त्यामुळे भरलेल्या दिवशीही नफा बेताचाच. तो भरून निघतो एप्रिल-मेमध्ये गोदाम पुन्हा हळदीला भाड्याने देऊन. तिकीट ५०० रुपयांपर्यंत असलं तर त्यावर जीएसटी नाही, आणि लोककलाकाराच्या दीड लाखापर्यंतच्या मानधनालाही तो लागत नाही. नव्याने सुरू करणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही. अर्धी बिदागी सुपारीबरोबर, उरलेली मंचावर चढायच्या आधी. नंतर देऊ म्हटलं की दहा वाजता ड्रायव्हर हॉर्न मारत असतो आणि मोजामोजीत वाद होतात. पारंपरिक गाण्यांना परवान्याची कटकट नाही, सिनेमातली लावणी घेतली की आहे. मध्यंतरात रेकॉर्ड लावत नाही, त्याचं अर्धं कारण हेच. उरलेलं अर्धं असं, की तेवढ्या वेळात लोकांनी एकमेकांशी बोलावं.

तारखा ठरवताना कॅलेंडर नाही, पंचांग उघडतो. यंदाचा हंगाम असा लागला आहे. पट्टणकोडोलीची आश्विनातली यात्रा आटोपल्यावर, नोव्हेंबरात धनगरी ओव्या. ओव्या आत, आणि ढोल आधी अर्धा तास बाहेरच्या अंगणात. आठ-दहा ढोल पत्र्याखाली वाजले तर ऐकणाऱ्याचे कान आणि आमचे तक्ते दोन्ही सुटतील. गजनृत्याला मोकळं मैदान लागतं, ते आम्ही ठेवत नाही. भारूड डिसेंबरात, कारण कार्तिकात बुवा मंडळी आधी पंढरीला आणि मग आळंदीला. पौषात लग्नं नसतात, त्यामुळे गोंधळी मोकळे असतात. पण शाकंभरी नवरात्र पौर्णिमेपर्यंत चालतं, म्हणून गोंधळ पौष वद्यात धरला आहे. चौंडकं आणि जोगव्याची बैठकही त्याच पंधरवड्यात, सौंदत्तीच्या यल्लम्माच्या मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेच्या यात्रांमधली फट साधून. पोवाडे फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी. १९ तारखेच्या शिवजयंतीच्या आगेमागे आठवडाभर शाहीर मिळत नाहीत, आणि मिळालेच तर घसा बसलेले मिळतात. मार्चमध्ये हवा कोरडी झाली की हलगी-घुमकं-कैताळ या वाद्यांचा मेळ, संपूर्ण अंगणात, शेगडीशिवाय. खंडोबाचं जागरण यंदा नाही. चंपाषष्ठी, पालीची पौषातली यात्रा, माघी पौर्णिमा आणि वाघ्या-मुरळीचे घरोघरचे रविवार यांत जुळणारा शनिवार सापडला नाही.

पहिल्या बैठकीला येणाऱ्यांसाठी एक सूचना. धनगरी ओव्यांत भंडारा उधळला जातो, तो थांबवत नाही. मिक्सरवर प्लास्टिक असतं, माइकना फोमच्या टोप्या, आणि फरशी नंतर आधी कोरड्या झाडूने काढतो. आधी ओलं फडकं फिरवलं तर पिवळेपणा दगडात बसतो. कपड्यांचं मात्र तुमचं तुम्ही बघा. पांढरं घालून आलात आणि डाग पडला, तर साबण लावल्यावर तो लाल होईल. घाबरू नका, धुऊन कडक उन्हात वाळत घाला, दोन-तीन दिवसांत उडतो.