वहीतल्या कविता आणि आठ लाख रुपये

लोहमार्ग पोलिसात नोकरी करणाऱ्याला रुळावरच्या मृत्यूचं फार काही वाटत नाही असं लोकांना वाटतं. वाटतं; पण कागद इतके असतात की वाटायला वेळ मिळत नाही. स्टेशन मास्तरचा मेमो येतो, त्यात लाइन अप की डाऊन, किलोमीटरचा खांब आणि ‘अनोळखी पुरुष’ एवढंच असतं. मग स्टेशन डायरीत नोंद, अकस्मात मृत्यूचा नंबर, दोन पंच मिळवण्याची मारामार, इन्क्वेस्ट पंचनामा, शव सिव्हिलला. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली व्हायचं, जुलै २०२४ पासून नव्या कायद्याचं, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेचं, कलम १९४ लागलं. आकडा बदलला. पंच मिळण्याची मारामार तीच आहे. शंभर माणसं मोबाइल उंचावून उभी असतात आणि ‘पंच म्हणून सही करता का’ विचारलं की मैदान मोकळं.

त्या दिवशी कीमनने, म्हणजे रूळ तपासत चालणाऱ्या रेल्वे कर्मचाऱ्याने, पहाटेच्या फेरीत पाहिलं आणि आम्हाला कळवलं. वीस-बावीसचा मुलगा, रुळांच्या बाहेर खडीच्या उतारावर पडलेला. पाठीवरची सॅक पुढे गाडीच्या दिशेला फेकली गेलेली, एक बूट त्याच्याही पुढे. खिशात जनरलचं तिकीट, त्याच रात्रीचं, आणि उतरायचं स्टेशन अजून पुढेच होतं.

हे मी मुद्दाम सविस्तर सांगतोय. गाडीतून पडलेला माणूस आणि गाडीखाली आलेला माणूस, कागदावर हे दोन वेगळे मृत्यू आहेत. रेल्वे कायद्याच्या कलम १२४अ प्रमाणे तिकीट असलेला प्रवासी चालत्या गाडीतून पडून गेला, तर चूक कुणाची हे न पाहता वारसांना भरपाई मिळते. २०१७ पासून ती आठ लाख आहे. त्याच कलमात पुढे अपवाद आहेत आणि त्यातला पहिलाच आत्महत्येचा. त्यामुळे खडीवर सॅक नेमकी कुठे पडली, रुळापासून किती फुटांवर, हे टेप लावून मोजायचं असतं. आमच्यातले अर्धे लोक ‘अंदाजे’ लिहून मोकळे होतात. मी टेप जवळ ठेवतो. त्यावरून थट्टा होते, होऊ दे.

सॅकमध्ये डबा, चार्जर, एक शर्ट आणि निळ्या पुठ्ठ्याची वही. आमच्या फौजदार साहेबांनी वही चाळली आणि मधल्या पानावर थांबले.

“मामा, हे बघा. झालं काम. चिठ्ठी सापडली.”

पानावर स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, ‘जन पळभर म्हणतील हाय हाय, मी जाता राहील कार्य काय?’ खाली नाव नाही, कवीचं नाही आणि त्याचं स्वतःचंही नाही. पुढे सूर्य तळपतील, चंद्र झळकतील वगैरे. मी गेलो तरी सगळं तसंच चालू राहील, हे सांगणाऱ्या ओळी.

मी म्हणालो, “साहेब, ही भा. रा. तांब्यांची कविता आहे. लताबाईंनी गायलीय.”

साहेब माणूस वाईट नाही. एमपीएससीतून आलेला, कायदा मुखोद्गत. पण त्यांच्या अभ्यासात कविता फक्त प्रश्नपत्रिकेपुरती होती. ते म्हणाले, “असेल. पण त्याने ती लिहून ठेवलीच ना?”

हा प्रश्न मूर्खपणाचा नव्हता, म्हणूनच मला झोंबला. कुणी का लिहून ठेवतं? मीही लिहून ठेवली होती, एम.ए. करताना. मी अजून आहे, रात्रपाळ्या करतोय. ती कविता लिहिणारे तांबे साठी ओलांडून १९४१ साली ग्वाल्हेरला वारले. मरणावर इतकं गोड लिहिणारा माणूस वकिली, दिवाणगिरी, संसार सगळं करून गेला.

पंचनाम्यात मी वहीचं वर्णन लिहिलं आणि त्यात घातलं की सदर पानावरील मजकूर कवी तांबे यांच्या छापील कवितेशी जुळतो. साहेबांनी ते वाक्य खोडायला लावलं. “पंचांनी डोळ्यांनी पाहिलं तेवढंच पंचनाम्यात. पंचांना तांबे माहीत आहेत का? एक रिक्षावाला, एक चहावाला.” चहावाल्याने मागून गाणं गुणगुणून दाखवलं, तरी साहेबांचं बरोबरच होतं, पंचनामा म्हणजे साक्षीदाराचं ज्ञान नव्हे. मग मी गावातल्या हायस्कूलच्या मराठीच्या बाईंकडे गेलो आणि त्यांचा जबाब घेतला. त्यांनी पुस्तक न उघडता अख्खी कविता म्हटली, मग पुस्तक काढून पानाची झेरॉक्स दिली. अकस्मात मृत्यूच्या फाइलीत कवितासंग्रहाचं पान लावलेलं मी तरी दुसरं पाहिलं नाही.

तोवर बातमी गेली होती. ‘मृत्यूपूर्वी लिहिली हृदयद्रावक कविता’. वहीचा फोटो कुणी काढू दिला हे मला ठाऊक आहे, लिहीत नाही.

मला सारखे बालकवी आठवत होते. मी खानदेशातला, जळगाव-भुसावळ पट्ट्यात वाढलेला. त्र्यंबक बापूजी ठोंबरे. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात अध्यक्ष कर्नल कीर्तिकरांनी त्यांना ‘बालकवी’ म्हटलं आणि ५ मे १९१८ ला जळगावच्या पुढच्याच भादली स्टेशनापाशी ते गाडीखाली गेले. वय सत्तावीस. कौतुक आणि मरण, दोन्ही एका तिकिटात बसेल एवढ्या अंतरावर. रूळ ओलांडताना चप्पल अडकली अशी हकिकत सांगतात. तरी वर्गात, व्याख्यानात कुणीतरी हळूच म्हणतोच, ‘कोठुनि येते मला कळेना उदासीनता ही हृदयाला’ लिहिणारा माणूस, अपघात कसला? पण ‘आनंदी आनंद गडे’ही त्याच माणसाचं आहे, ते कुणी पुरावा म्हणून काढत नाही. मी रूळ ओलांडणारी माणसं रोज पाहतो. घाईत, फोनवर, बकरीच्या मागे, एका लाइनीवरची गाडी बघताना दुसरीवरची न दिसलेली. त्यांच्यापैकी कुणाच्या घरी वही असेल कुणास ठाऊक. वही सापडली की मात्र आपण उलटीकडून वाचायला लागतो.

आणि तरीही ती वही मला सोडेना. कारण तिच्यात एक कविता होती जी मला कुठलीच वाटली नाही. त्याचीच असणार. चार ओळी:

मी गेल्यावर मला जाळू नका,
बांधावरच्या निंबाखाली ठेवा.
दोन पावसाळे थांबा,
मग मी कडू होऊन पानात येईन.

साहेबांनी ही पाहिली असती तर तांब्यांपेक्षा हीच लावून धरली असती. ती लपवायची नव्हती, वही मुद्देमालात तशीच होती. मी वडिलांना विचारलं. सिव्हिलच्या आवारात, निंबाच्या नव्हे, एका गुलमोहराच्या सावलीत ते बसले होते. शेतकरी माणूस, भाऊ म्हटलं मी त्यांना. चार ओळी वाचून दाखवल्या. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आमच्यात पुरत्यात. त्याच्या आज्याला निंबाखालीच ठेवलंय, बांधाला. ते आज्यावर असंल, साहेब.”

असंल. आहे, असं म्हणाले नाहीत. मीही खोदून विचारलं नाही. जबाबात मात्र ‘आजोबांवर लिहिली असावी’ असं आलं. कवितेतला ‘मी’ म्हणजे कवी नव्हे, हे आम्हाला एम.ए.ला शिकवलं होतं. ते एका बापाने शवागाराबाहेर सांगावं लागेल असं वाटलं नव्हतं.

डब्यातल्या दोन सहप्रवाशांनी सांगितलं की गर्दी होती, तो दारात बसला होता, पाय खाली सोडून. झोक गेला की स्वतःहून गेला हे कुणी पाहिलं नाही. शवविच्छेदनाचा डॉक्टर मरणाचं कारण लिहितो, मनातलं लिहीत नाही. तिकीट, सॅकची जागा, टेपची मोजमापं आणि हे जबाब यावर अंतिम अहवालात ‘धावत्या गाडीतून पडून अपघाती मृत्यू’ असं गेलं. साहेबांनी सही करताना एवढंच म्हटलं, “मामा, तुमच्या तांब्यांनी आठ लाख वाचवले.” अजून वाचलेले नाहीत. रेल्वेची वेगळी चौकशी, मग दावा न्यायाधिकरण. रेल्वेचा वकील वही काढेल तेव्हा बाईंची झेरॉक्स फाइलीत आहे एवढंच.

वहीची छायाप्रत वडिलांनी मागितली, ती दिली. त्यांची एक अट होती. यातल्या त्याच्या कोणत्या आणि पुस्तकातल्या कोणत्या, त्यावर खूण करून द्या. मी पेन्सिल घेऊन बसलो. तांबे, बालकवी, दोन अभंग तुकोबांचे, यांच्यावर खुणा केल्या. एक कविता राहिली. तीत नदी आहे, काठावर एक माणूस कपडे काढून ठेवतो आणि पाण्याला म्हणतो, आता मला नावाने हाक मारू नकोस. मला ती ओळखीची वाटते आणि सापडत नाही. बाईंनाही विचारलं, ग्रंथालयातले जुने संग्रह उलथेपालथे केले. वडिलांना सांगितलंय, ही अजून बघतोय. ती दुसऱ्या कुणाची निघावी असं मला वाटतं, आणि त्याचं कारण मी त्यांना सांगितलेलं नाही.