व्हेलमवर छपाई, सहावा आठवडा: शाई आता फरपटत नाही

व्हेलम या अर्धपारदर्शक कागदाचा कंदील मी घरच्या शाईच्या (इंकजेट) प्रिंटरवर छापून बनवते आहे. त्याच्या चारपैकी तीन बाजू छापून, वाळवून, कापून झाल्या. चौथी काल रात्री छापली, ती अजून टेबलावर उघडीच आहे. बोट लागलं की छापलेली नेच्याची पानं फरपटायची, ही मागच्या नोंदीतली अडचण सुटली आहे, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

साधा कागद शाई पितो, व्हेलम पीत नाही. व्हेलमच्या लगद्यातले तंतू इतके बारीक कुटलेले आणि घट्ट बसलेले असतात की त्यांच्यामध्ये हवेला जागाच उरत नाही. हवेच्या पोकळ्या नसल्यामुळे प्रकाश विखुरत नाही आणि कागद अर्धपारदर्शक दिसतो. पण पोकळ्या नाहीत म्हणजे शाईलाही शिरायला वाट नाही! ज्या गुणासाठी आपण हा कागद घेतो, त्याच गुणामुळे तो छपाईत त्रास देतो. हे ध्यानात आल्यावर मी शाई मुरेल अशी आशा सोडली आणि ती कमी कशी पडेल हे बघायला लागले.

आधी मी ‘उत्तम दर्जा’ आणि ‘फोटो पेपर’ निवडत होते. रेषा सुबक येतील असं वाटायचं, पण त्या सेटिंगला प्रिंटर भरपूर शाई ओततो आणि ती थेंब थेंब साचते. आता ‘साधा कागद’ आणि ‘ड्राफ्ट’, म्हणजे कमी शाईची छपाई. शिवाय चित्रातला ठार काळा रंग काढून तिथे सुमारे ७० टक्के करडा ठेवला. कागदावर तो फिका वाटतो, पण मागे दिवा लावला की पुरेसा गडद दिसतो. भरीव पानांऐवजी नुसत्या शिरा आणि कडा छापल्या, त्याचाही मोठा फायदा झाला. वाळायला मात्र रात्रभर द्यायचेच. वर कागद झाकायचा नाही, एकावर एक ताव ठेवायचे नाहीत.

दुसरा बदल मला सर्वांत आवडला. चित्र आरशातल्यासारखं उलटं करून तावाच्या मागच्या बाजूला छापते. शाई कंदिलाच्या आत जाते, बाहेरून हात लागला तरी बिघडत नाही, आणि कागदातून दिसणाऱ्या रेषा किंचित मऊ होतात. धुक्यातलं रान दिसावं तशा. अक्षरं असतील तर तीही उलटी झाली आहेत ना, हे आधी साध्या कागदावर छापून पाहा.

प्रिंटर ‘कागद नाही’ म्हणून अडून बसत असेल तर कागद ओळखणाऱ्या सेन्सरचा उजेड व्हेलममधून आरपार जात असण्याची शक्यता आहे. मी मागे त्याच मापाचा पांढरा कागद ठेवते आणि आत जाणाऱ्या कडेला सहज निघणारी चिकटपट्टी लावते. मागचा ट्रे असेल तर तोच वापरा, तिथे ताव कमी वाकतो.

मैत्रिणीच्या लेझर प्रिंटरवरही एक ताव काढून पाहिला. टोनर, म्हणजे लेझरची पूड, उष्णतेनं वितळून चिकटतो, त्यामुळे वाळण्याचा प्रश्नच नाही आणि रेषा धारदार येतात. पण त्याच उष्णतेनं कागदातला ओलावा उडतो आणि ताव गुंडाळला जातो. पातळ तावाला लाटाच पडल्या, जाड ताव जड पुस्तकाखाली ठेवल्यावर सपाट झाला. पाकिटावर लेझरसाठी चालतो असं लिहिलेलं नसेल तर तो आत घालूच नका.

घडीबद्दल थोडं. बोथट टोकानं रेघ ओढली की तिथे व्हेलम पांढरा पडतो, कारण ताणलेले तंतू सुटे होतात आणि प्रकाश पुन्हा विखुरतो. सुरुवातीला हा मला दोष वाटायचा. आता छापलेल्या पानांची मधली शीर मी मुद्दाम गोल टोकाच्या साधनानं मागून दाबते. घरच्या प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते, ती उणीव इथे भरून निघते.

पाण्याचा डिंक टाळा, कागद लगेच सुरकुततो. दुहेरी चिकटपट्टीही आरपार दिसते, म्हणून ती फक्त चौकटीच्या जाड पट्टीखाली लावली आहे. आत मेणबत्ती नाही, छोटा एलईडी दिवा.

शाई उशिरा वाळते याचा उपयोगही करून बघते आहे. ताज्या छपाईवर पारदर्शक एम्बॉसिंग पावडर भुरभुरायची, जादाची झटकायची आणि हीट गनने, म्हणजे गरम हवा सोडणाऱ्या यंत्रानं, वितळवायची. पहिल्या तुकड्याला गन फार जवळ धरली, तो आक्रसला. दुसऱ्याला लांबून, हात सतत हलता ठेवून ऊब दिली, तेव्हा शिरा चकचकीत उठून आल्या, पण एक कोपरा वळलाच. कोणी ताव चौकटीत ताणून बसवून हे केलं असेल तर कसं केलं ते सांगा, चौथी बाजू कापायची मी तोवर थांबवली आहे.