तुम्ही विचारलंत म्हणून : निदानाला उशीर झाला तर असं काय बिघडतं?

नाशिकमध्ये मी साथरोगांची गणितं मांडते हे कळलं, की बहुतेक जण विचारतात, "निदान आज झालं काय नि पंधरा दिवसांनी झालं काय, औषध तर तेच ना?"

औषध तेच, पण साथ तीच राहत नाही. समजा, बाधित माणसाकडून दर १० दिवसांनी सरासरी एकाला लागण होते. निदानाला २० दिवस लागले, तर एकामागे दोघे. सुरुवातीला १०० रुग्ण असतील, तर पाचव्या फेरीत नवे ३,२००. तेच निदान आठव्या दिवशी होऊन लागण थांबली, तर एकामागे ०.८, आणि पाचव्या फेरीत जेमतेम ३३. मधेच थांबून भागत नाही. वीसाचे अकरा दिवस केलेत तरी साथ वाढतच राहते, फक्त सावकाश. दहाच्या आत आलात तरच ती ओसरते.

अर्थात लागण रोज सारखी होत नसते. २००३च्या सार्समध्ये रुग्ण आजाराच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सर्वाधिक संसर्गजन्य असे, त्यामुळे लक्षणं दिसताच वेगळं ठेवणं पुरलं. कोविडमध्ये लक्षणांच्या एक-दोन दिवस आधीच लागण सुरू व्हायची. ताप येण्याची वाट बघणं म्हणजे उशीरच.

क्षयरोगाचं गणित मला सर्वांत जिव्हाळ्याचं, कारण इथे उशीर महिन्यांचा असू शकतो. सुरगाणा-पेठकडून द्राक्षांच्या कामाला दिंडोरी-निफाडात उतरलेला मजूर घ्या. टोळीतले सगळे एकाच शेडमध्ये झोपतात. खोकला लागला की आधी मेडिकलमधलं औषध, मग एखादा दवाखाना, मग दुसरा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासायची, हा नियम त्याच्यापर्यंत पोचलेलाच नसतो. थुंकीतले क्षयाचे जंतू शोधणारं सीबीनॅट मशीन साधारण दोन तासांत निकाल देतं. पण नमुना पोचून रिपोर्ट येईपर्यंत टोळी दुसऱ्या बागेत गेलेली असू शकते. म्हणून मी पहिल्या खोकल्यापासून औषधाच्या पहिल्या डोसपर्यंतचा सगळा काळ एकच धरते. त्यात मशीनचे दोन तास किरकोळ आहेत. माझं स्पष्ट मत आहे की आणखी एक मशीन घेण्याआधी नमुना नेणाऱ्या आणि माणूस शोधून काढणाऱ्या माणसावर खर्च करावा.

यावर हमखास येणारा पुढचा प्रश्न : "मग तपासणी वाढवली की रुग्ण का वाढतात?" आधीपासून खोकणारे, पण कुठेच नोंद नसलेले लोकही आता मोजले जातात म्हणून. नोंदी काही काळ चढतात, त्याच वेळी प्रत्यक्ष लागण उतरत असू शकते. नुसत्या रुग्णसंख्येवरून हे कळत नाही. खोकला लागल्यापासून औषध सुरू होईपर्यंतचे दिवस घटताहेत का, हे तालुकावार पाहिलं तर कळतं.