क्लॅरिनेट सराव-नोंद: ट्यूनरचा काटा आणि खालचा ओठ

सरावाच्या वहीत आधी दोन रकाने होते, एक ‘आवाज’ आणि एक ‘सूर’. या खेपेपासून एकच ठेवला आहे. ज्या दिवशी आवाज भरीव येतो त्या दिवशी सूरही बहुतेक जागेवर असतो, आणि ज्या दिवशी ट्यूनरच्या (सूर मोजणाऱ्या यंत्राच्या) काट्याच्या मागे लागून सूर जुळवावा लागतो त्या दिवशी आवाज किनरा येतो. दोन्ही रकान्यांत तेच तेच लिहायचा कंटाळा आला.

कारण ओठांत आहे. खालचा ओठ रीडला (माउथपीसवर, म्हणजे तोंडात धरायच्या टोकावर, बांधलेल्या वेताच्या पातळ पट्टीला) टेकलेला असतो. जबडा वर दाबला की रीड आणि माउथपीस यांच्यामधली फट अरुंद होते, रीडची हालचाल आखडते आणि सूर चढतो. ट्यूनरला एवढंच हवं असतं, तो लगेच हिरवा होतो. रीड मात्र तिथे गुदमरलेली असते. म्हणून नवशिक्यांसाठी ट्यूनर ही जरा धोक्याची वस्तू आहे असं माझं मत झालंय: तो सूर किती चढला-उतरला ते सांगतो, कशाच्या जोरावर जुळवला ते सांगत नाही. सध्याचा नियम असा की ओठांची पकड एकदा ठरली की ठरली. सूर हलवायचा तर बॅरल (माउथपीसखालचा आखूड नळीचा तुकडा), जीभ आणि फुंक. ओठांकडे ते काम द्यायचं नाही.

पकड ठरवायला नुसतं माउथपीस आणि बॅरल जोडून वाजवते. बी फ्लॅट क्लॅरिनेटवर एवढ्याच तुकड्यातून ट्यूनरवर एफ शार्पच्या आसपासचा सूर यायला हवा. जी कडे सरकला तर जबडा रीडला चावतोय असं समजायचं; एफ कडे घसरला तर पकड सैल किंवा जीभ खाली पडलेली. आधी काटा या दोन टोकांमध्ये नाचायचा. आता एफ शार्पवर येऊन थांबतो, पण श्वास संपत आला की वर जायला बघतो. तेव्हा हवा कमी पडते आणि जबडा मदतीला धावतो. ही सवय जाता जात नाहीये. श्वास पुरता संपायच्या आधीच सूर सोडून द्यायचा, एवढाच उपाय सध्या चालू आहे.

माउथपीस तोंडात किती घ्यायचं, याची एक सोपी खूण सापडली. कागदाचा पातळ कपटा रीड आणि माउथपीसच्या मधे टोकाकडून सरकवायचा. जिथे अडतो, तिथे रीड माउथपीसपासून सुटायला लागते. खालचा ओठ त्या रेषेच्या जवळपास हवा. मी घेत होते त्यापेक्षा ही जागा बरीच आत निघाली. जास्त आत घेतल्यावर पहिले काही दिवस क्लॅरिनेट किंचाळते, पण आवाजाचं आकारमान लगेच वाढतं.

चावण्यावर दुसरा उतारा म्हणजे वरचे दात माउथपीसवर न टेकवता वरचा ओठही दाताखाली दुमडून घ्यायचा. दोन्ही ओठ दुमडले की चावणं शक्यच होत नाही, दुखतं. रोज थोडा वेळ असं वाजवते आणि मग नेहमीच्या पकडीवर येते. येताना तोंडाची ती मोकळीक थोडी बरोबर येते. उजव्या अंगठ्याने क्लॅरिनेट किंचित वर, दातांकडे ढकलून धरलं की पकड आणखी सुटते, कारण वजन तोलायचं काम ओठांकडून जातं.

जिभेबद्दल वाचलं तेव्हा खरं वाटलं नव्हतं. जिभेचा मागचा भाग ‘ई’ म्हणताना असतो तसा वर ठेवायचा, म्हणजे हवा अरुंद वाटेने वेगात पुढे जाते. ‘आ’ सारखी जीभ खाली गेली की वरच्या सप्तकातले सूर उतरतात आणि बसके होतात. पडताळा घ्यायला वरचा सी धरून, ओठ न हलवता, फक्त जीभ हळूहळू खाली आणते. सूर लोंबतो, अर्ध्या सुरापर्यंत खाली जातो, आणि जीभ वर आणली की परत येतो. खालच्या सप्तकात हा परिणाम फारसा जाणवत नाही. त्यामुळे खालचे सूर वाजवताना जीभ आळशी होते आणि वर गेल्यावर पकडली जाते.

एक चाचणी दुसऱ्या माणसाच्या मदतीने करायची असते. खालचा सी लांब धरायचा आणि समोरच्याने, आपल्याला न सांगता, रजिस्टर की (वरच्या सप्तकात नेणारी कळ) दाबायची. क्लॅरिनेटची नळी आतून बहुतांशी सरळ, एका टोकाला रीडने बंद, म्हणून ते वरच्या सप्तकात उडी मारताना आठ नव्हे, बारा सुरांची उडी मारतं: सी चा थेट वरचा जी. तोंडाची ठेवण बरोबर असेल तर वाजवणाऱ्याने काहीही न करता जी अलगद निघतो. माझा जी येतो, पण आधी एक घरघर येते. ती घरघर जाईपर्यंत वरच्या सप्तकातली कुठलीही चीज बसवायची नाही असं ठरवलंय. दोनदा मोडलंय, तो भाग वेगळा.

आता बॅरल. ‘सूर चढा असेल तर बॅरल ओढा’ एवढंच सगळे सांगतात, पण त्याने सगळे सूर सारखे उतरत नाहीत हे कोणी सांगत नाही. हिशेब करून पाहिला. मोकळा जी, म्हणजे एकही बोट न ठेवता येणारा, वाजतो तेव्हा नळीचा साधारण २५ सेंटिमीटरचा भाग कामात असतो. सर्वांत खालच्या ई ला जवळपास ५९. बॅरल १ मिलिमीटर ओढलं तर छोट्या नळीसाठी तो फरक मोठा, लांबसाठी किरकोळ. ढोबळ गणिताने जी सुमारे ७ सेंट उतरतो आणि ई सुमारे ३. (अर्धा सूर म्हणजे १०० सेंट.) म्हणून फक्त मोकळ्या जी वर ट्यून करून मोकळं व्हायचं नाही. मी आधी मोकळा जी, मग मधला सी पाहते आणि दोघांमध्ये तडजोड करते. उजव्या हाताचे सूरच तेवढे चढे असतील तर बॅरलला हात न लावता मधला सांधा किंचित ओढायचा. बेलचा (खालच्या पसरट तोंडाचा) सांधा खालचे ई-एफ आणि त्यांच्या वरचे बी-सी एवढ्यांपुरताच.

नवशिक्यांना चकवणारी आणखी एक गोष्ट: बी फ्लॅट क्लॅरिनेटवर आपण सी वाजवला की ट्यूनर बी फ्लॅट दाखवतो. आपला मोकळा जी तिथे एफ दिसतो. ट्यूनरमध्ये सोय असेल तर बदलून घ्या, नाहीतर सतत मनात एक पूर्ण सूर वर-खाली करावा लागतो. मी मुद्दाम बदललेलं नाही, कारण पुढे इतरांबरोबर वाजवायचं झालं तर हे भाषांतर तोंडपाठ असलेलं बरं.

आणि थंड वाद्यावर ट्यून करू नका. नळीतली हवा एका अंशाने गरम झाली की सूर साधारण ३ सेंट वर जातो. पेटीतून काढल्या काढल्या क्लॅरिनेट उतरलेलंच असणार. तेव्हा बॅरल आत दाबलं, तर सराव तापल्यावर सगळं चढं होतं आणि पुन्हा ओढाओढ. आधी खालच्या सप्तकात लांब सूर, थोडं फिरून येणं, मगच ट्यूनर.

सगळ्यात जास्त वेळ गेला घशाच्या सुरांवर, म्हणजे खालच्या सप्तकाच्या अगदी वरच्या टोकाच्या सुरांवर: जी, जी शार्प, ए आणि विशेषतः बी फ्लॅट. यांना नळी आखूड मिळते, म्हणून आवाज पोकळ येतो. बी फ्लॅटचं दुखणं तर जन्मजात आहे. त्याला सूर देणारं छिद्र आणि रजिस्टर बदलणारं छिद्र एकच. रजिस्टर बदलायला ते लहान आणि वर हवं, बी फ्लॅटला मोठं आणि खाली हवं. वाद्य बनवणाऱ्यांनी मधला मार्ग काढला आणि बिचारा बी फ्लॅट कोंदट राहिला. त्यामुळे या एका सुरासाठी स्वतःला दोष देत बसायचं कारण नाही.

त्यावर जो इलाज आहे तो मात्र फारच मजेशीर. या सुरांना लागत नाहीत अशी बोटं मुद्दाम छिद्रांवर ठेवायची: डाव्या हाताची अनामिका, उजव्या हाताची दोन-तीन बोटं. सूर थोडा उतरतो, आवाज भरतो. नेमकी कोणती बोटं, हे प्रत्येक वाद्यावर वेगळं निघतं, म्हणून संध्याकाळभर वेगवेगळे संच करून पाहिले आणि कोणत्या संचाने किती सेंट उतरतो त्याचा तक्ता वहीत केला. माझा ए बराच चढा होता, तो एका संचाने जवळजवळ जागेवर आला आणि कानालाही गोल लागतो. शिवाय घशातून वरच्या बी-सी वर जाताना उजवा हात आधीच खाली बसलेला असतो, म्हणून ती कुप्रसिद्ध चढण सोपी झाली. निवांत चालीत बी फ्लॅटसाठी ए ची की आणि बाजूच्या चार ट्रिल-कींपैकी वरून दुसरी, असंही घेते. आवाज कितीतरी स्वच्छ येतो. द्रुत चालीत ते जमत नाही.

कान तयार करायला ट्यूनरपेक्षा लांबलचक धरलेला एकच सूर जास्त उपयोगी पडतोय. साधा इलेक्ट्रॉनिक सूर लावून त्याच्याशी तोच सूर धरला की फरक लाटांसारखा ऐकू येतो: ४४० आणि ४४२ हर्ट्झ एकत्र वाजले तर सेकंदाला दोन लाटा. लाटा संथ होत जातात आणि थांबतात. तिथे काटा पाहायची गरजच उरत नाही. तंबोऱ्यावर या लाटा मोजता येत नाहीत, त्याची जवारी स्वतःच झणझणत असते. पण तंबोऱ्याचं काम वेगळं आहे. तो बी फ्लॅटला लावून त्यावर क्लॅरिनेटचा सी षड्ज धरला आणि ई म्हणजे शुद्ध गंधार लावला, तर गंधार तंबोऱ्यात विरघळतो तेव्हा ट्यूनर तो सुमारे १४ सेंट उतरलेला दाखवतो. पंचम उलट २ सेंट वर. ट्यूनरचे बारा सूर समान अंतरावर कापलेले, तंबोऱ्याचे नैसर्गिक. एकट्याने वाजवताना मी तंबोऱ्याचं ऐकते. पियानोबरोबर वाजवायचं असेल तर अर्थात पियानोचं ऐकावं लागेल.

रीडबद्दल थोडक्यात. (नंबर जास्त तेवढी रीड कडक.) दोन नंबरची रीड आता वरच्या सप्तकात कोसळते, अडीच जमते. तीन घेऊन पाहिली, तर फुसफुस जास्त आणि चावणं परत सुरू, म्हणून ठेवून दिली. जास्त नंबर म्हणजे जास्त प्रगती हा समज सोडलेला बरा. चार रीड्सवर खुणा करून आळीपाळीने वापरते. रीड माउथपीसच्या टोकापेक्षा केसभर खाली बसवते. वर सरकवली की ती जड लागते, खाली घेतली की हलकी. नवीन रीड विकत घेण्याआधी एवढं सरकवून बघाच.

ध्वनिमुद्रण वाद्याच्या तोंडाशी न करता दोनेक मीटरवरून करायचं ठरवलं, कारण वरच्या दातांतून कवटीत शिरणारा आवाज वाजवणाऱ्यालाच कर्कश लागतो. लांबून ऐकलेलं माझं मंद्र सप्तक मला वाटत होतं त्यापेक्षा बरं निघालं. घशाचे सूर वाटत होते त्यापेक्षा वाईट. माउथपीसवर ०.८ मिलिमीटरची रबरी पट्टी चिकटवल्यावर दातांतून येणारी झणझण कमी झाली, आणि मग वाजवतानाही थोडं खरं ऐकू यायला लागलं.

आता अडलंय ते आवाज लहान-मोठा करण्यात. क्लॅरिनेट जोरात वाजवलं की उतरतं आणि हळू वाजवलं की चढतं, बासरीच्या बरोबर उलट. त्यामुळे एकच सूर हळू सुरू करून मोठा करत नेला आणि परत लहान केला, की काटा आधी डावीकडे झुकतो, मग उजवीकडे. हळू वाजवताना जबडा आपोआप आवळला जातो हे कळलंय. फुंकेचा वेग तोच ठेवून फक्त हवा कमी करायची, असं सगळे सांगतात. खालच्या जी वर ते जमायला लागलंय, काटा ५ सेंटच्या आत राहतो. वरच्या ए वर अजून १५ च्या आसपास चढतो. पुढची नोंद याच सुराची असेल. कोणाचा वरचा ए हळू आवाजात स्थिर राहत असेल, तर जीभ नेमकी कुठे ठेवता ते जरूर सांगा.