हात सारखा तिकडेच जातो

मंगळवार, रात्री

आज डॉक्टर मॅडमनी तपासण्यांची चिठ्ठी लिहून दिली. वरच्या कोपऱ्यात ‘अर्जंट’ लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. एकच ओढली असती तर मी एवढी हबकले नसते, असं आत्ता वाटतंय. दुसरी रेघ कशासाठी?

गाठ डाव्या स्तनात, काखेच्या अंगाला. परवा आंघोळीच्या वेळी हाताला लागली. आधी वाटलं, साबणामुळे भास झाला. पाण्याने धुऊन पुन्हा पाहिलं तरी होतीच. मॅडमनी दोन्ही बाजू तपासल्या, काखा तपासल्या, हात डोक्यावर धरायला लावून समोरून पाहिलं. दुखते का? पाळीच्या मागेपुढे लहानमोठी होते का? कातडीला खळी पडलीय का? स्तनाग्रातून काही येतं का? घरात कुणाला होतं? मी सगळ्याला ‘नाही’ म्हणत गेले आणि प्रत्येक ‘नाही’नंतर त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. चेहरा काही सांगेना.

शेवटी म्हणाल्या, “हाताला तर साधी वाटतेय. पण हाताच्या भरवशावर सोडायची नाही. मॅमोग्राफी, सोनोग्राफी, आणि गरज पडली तर सुईने तुकडा काढून तपासणी. सगळं समोर आलं की बोलू.”

घरी पोचेपर्यंत ‘साधी वाटतेय’ कुठेतरी गळून पडलं होतं. उरल्या त्या दोन रेघा.

बुधवार

नाही बघायचं ठरवलं होतं. अकरा वाजेपर्यंत टिकले.

मग दीड तास फोन हातात. आता मला हेही माहीत झालंय की या तपासण्यांच्या रिपोर्टवर ‘बायरॅड्स’ नावाचा 0 ते 6 यांतला एक आकडा लिहितात. 1 आणि 2 म्हणजे निर्धास्त. 3 म्हणजे बहुधा साधी, कॅन्सर निघण्याची शक्यता 2 टक्के किंवा त्याहून कमी. आणि 4 म्हणजे संशयास्पद, शक्यता 2 ते 95 टक्के. दोन ते पंच्याण्णव! पाऊस पडेल किंवा पडणार नाही, असं सांगण्यातलीच ही गत. पुढे कळलं की 4 चे पुन्हा ए, बी, सी असे भाग असतात, म्हणजे ते तितकं मोघम नसतं. पण तोवर माझी झोप उडालेली होती.

गंमत अशी की माझी अजून एकही तपासणी झालेली नाही. तरी मी स्वतःला 4 बी देऊन मोकळी झाले.

शुक्रवार

नवऱ्याला मंगळवारीच सांगितलं होतं. तो गप्प ऐकून घेतो, मध्ये बोलत नाही. सगळं ऐकून झाल्यावर उठला आणि रात्री साडेदहाला न्हाणीघरातला नळ दुरुस्त करायला बसला. तो नळ पाच महिने गळत होता. काल त्याने कपाटाची बिजागरी बसवली. ही रांग अशीच लांबली तर आमचं घर नवं होईल.

आईला सांगितलेलं नाही. सांगायचंही नाही, निदान काही ठोस कळेपर्यंत. तिला सांगितलं की तिची काळजी सांभाळायचं काम मलाच लागेल, आणि सध्या माझी मलाच पुरेशी आहे. हे स्वार्थी आहे का? असेल.

ऑफिसात एकीला सांगितलं, सुट्टी हवी होती म्हणून. ती लगेच, “काही होणार नाही गं! पॉझिटिव्ह राहा.” मला एकदम राग आला. तिचा हेतू वाईट नव्हता, कळतं मला. पण ‘काही होणार नाही’ म्हटलं की समोरच्याचं तोंड बंद होतं. पुढे काय बोलणार? आणि समजा झालं काही, तर मी पुरेशी पॉझिटिव्ह राहिले नाही म्हणून झालं का? माझ्या मूडवर गाठीची जात ठरत नाही. ती जी आहे ती आधीच ठरलेली आहे.

ताईला फोन केला तर तिने एकच विचारलं, “किती वाजता जायचंय? मी येते.” अजून तारीखच मिळाली नाही म्हटल्यावर म्हणाली, “मिळाली की कळव, मी त्या दिवशी दुसरं काही ठेवत नाही.” फोन ठेवल्यावर पहिल्यांदा रडले. बरं वाटलं.

शनिवार, पहाटे पावणेचार

जाग आली ती हात तिथेच. झोपेतसुद्धा तिकडेच जातो आता.

बोटांना सवयच लागलीय. बसल्या जागी, जिन्यावर, फोनवर बोलताना. आधी टोकाने चाचपायचं, मग दोन बोटांत धरायचं, मग दुसऱ्या बाजूला तीच जागा शोधून तुलना करायची. मोठी झाली का? काल इतकी वर होती का? आजपासून ती दुखायलाही लागलीय, आणि ते दुखणं कळल्यावर पाच मिनिटं छाती धडधडत होती. मग डोक्यात प्रकाश पडला. दिवसातून चाळीस वेळा कुणी दाबली तर धडधाकट जागासुद्धा दुखेल.

झोप येईना म्हणून वाचत बसले, या वेळी गाठींबद्दल नाही. लंडनच्या संशोधकांनी 2016 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. 45 जणांना कॉम्प्युटरवर एक खेळ खेळायला लावला. पडद्यावर दगड दिसणार, त्याखाली साप आहे की नाही ते ओळखायचं. साप निघाला की हाताला विजेचा चटका, बऱ्यापैकी दुखणारा. घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोजून त्यांनी ताण कधी सर्वांत जास्त असतो ते पाहिलं. नक्की चटका बसणार हे माहीत असताना तो सर्वांत जास्त असेल, असं कुणालाही वाटेल. पण सर्वांत जास्त ताण होता तो शक्यता अर्धी-अर्धी असताना. साप आहेच म्हटल्यावर माणसं त्यामानाने शांत होती.

मी दगडासमोर बसलेय, एवढंच कळलं त्यातून. पण पहाटे पावणेचारला तेवढ्यानेही जरा हायसं वाटलं. ही भित्रेपणाची खोड नाही, माणसाच्या शरीराची घडणच अशी आहे.

सोमवार

संताप, संताप, संताप.

सहा दिवस झाले तरी तपासणी केंद्रातून फोन नाही, म्हणून आज मीच केला. ‘अर्जंट आहे म्हणजे ते स्वतःहून बोलावतील’ अशी माझी समजूत. तिकडच्या बाईंनी नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, बराच वेळ टाइप केल्याचा आवाज आला. मग, “तुमचं काही दिसत नाही इथे.”

चिठ्ठी दवाखान्यातून गेली होती. तिकडे कुठेतरी कुणाच्या तरी इनबॉक्समध्ये पडून होती, नोंदच झाली नव्हती. म्हणजे मी सहा दिवस ज्या रांगेत उभी आहे म्हणून झुरत होते, त्या रांगेत मी नव्हतेच.

आवाज चढला माझा. मग उतरवला, कारण समोरच्या बाईंची यात काही चूक नव्हती आणि काम त्यांच्याकडूनच करून घ्यायचं होतं. चिठ्ठीचा फोटो मी पहिल्याच दिवशी काढून ठेवला होता, तो लगेच पाठवला. फोन न ठेवता नोंद झाल्याची खात्री करून घेतली, नोंदीचा नंबर लिहून घेतला, त्यांचं नाव लिहून घेतलं. कुणी ऐनवेळी रद्द केलं तर मला बोलवा, मी तासाभरात येऊ शकते, हेही सांगितलं. दुपारी मॅडमकडेही फोन करून हे घातलं कानावर. त्या वैतागल्या, आणि त्यांनी स्वतः तिकडे फोन केला. मला म्हणाल्या, मध्ये तिथे लाली आली, ताप आला, सूज भराभर वाढली, तर तारखेची वाट बघत बसू नका, सरळ या. आणि हे सहा दिवस गेले त्याने जीव जाळू नका, अशा बहुतेक गाठी आठवड्याचा नाही, महिन्यांचा हिशेब ठेवून वाढतात.

पाच वाजता तारीख मिळाली. पुढचा सोमवार, सकाळी साडेनऊ.

विचित्र गोष्ट ही की आज दिवसभर एकदाही हात तिकडे गेला नाही. भांडायला वेळ होता, घाबरायला नव्हता.

बुधवार

माझी एक शाळेतली मैत्रीण पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. तिला सहज विचारलं, तुकडा काढलाच तर रिपोर्टला इतके दिवस का लागतात? मला खरं तर तक्रार करायची होती. तिने तासभर समजावलं, आणि या आठ दिवसांत मला सर्वांत जास्त आधार कशाचा वाटला असेल तर त्या तासाचा.

सुईने निघालेला तुकडा दिसायला शेवयाच्या बारीक कांडीएवढा. तो लगेच फॉर्मॅलिन नावाच्या, पेशी टिकवणाऱ्या द्रावणात टाकतात आणि तिथे तो मुरावा लागतो, निदान सहा तास. घाई केली तर पेशी नीट टिकत नाहीत आणि पुढच्या तपासण्या चुकतात. मग रात्रभर मशीनमध्ये अल्कोहोलच्या एकामागून एक पायऱ्या, त्यातलं पाणी काढायला. मग झायलीन नावाचं रसायन, मग वितळलेलं मेण. सकाळी त्या मेणाची वडी पाडतात. ती वडी थंड करून मायक्रोटोम नावाच्या कापणाऱ्या यंत्राच्या पात्यावर तिचे काप काढायचे, एकेक काप 3 ते 5 मायक्रॉन. “म्हणजे केवढा?” “तुझ्या केसाच्या जाडीचे पंधरा-वीस भाग कर, त्यातला एक.” ते काप कोमट पाण्यावर तरंगत सोडायचे, सुरकुती जाऊ द्यायची आणि काचेच्या पट्टीवर अलगद उचलून घ्यायचे. मग निळा-जांभळा आणि गुलाबी रंग द्यायचा. मग डॉक्टर मायक्रोस्कोपखाली बघणार. शंका आली तर त्याच वडीचे आणखी काप, वेगळे रंग, आणखी दोन-चार दिवस.

“बाहेर बसलेल्यांना वाटतं रिपोर्ट आमच्या टेबलावर पडून आहे,” ती म्हणाली. “आणि उशीर झाला की त्यांना वाटतं वाईटच निघालं. तसं काही नसतं गं. कधी कधी नुसती वडी नीट बसलेली नसते, पुन्हा करावी लागते.”

हे शेवटचं मी मुद्दाम लिहून ठेवतेय. वेळ येईल तेव्हा मीच ते विसरणार आहे.

शुक्रवार

काळजीला वेळ ठरवून द्यायची एक जुनी पद्धत आहे. बोर्कोव्हेक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1983 मध्ये त्यावर काम केलं होतं. रोज एकाच जागी, एकाच वेळी, अर्धा तास फक्त काळजी करायची. इतर वेळी विचार आला की त्याला सांगायचं, संध्याकाळी ये. वाचताना हसू आलं. काळजी काय वेळ घेऊन येते?

तरी मंगळवारपासून करतेय. साडेसहा ते सात, बाल्कनीतली खुर्ची, हातात वही. पहिल्या दिवशी सतरा गोष्टी लिहिल्या. कॅन्सर होताच, पण लेकीची परीक्षा होती, केस गळणं होतं, बँकेचे पासवर्ड नवऱ्याला माहीत नाहीत हेही होतं. दुसऱ्या दिवशी अकरा, त्यातल्या नऊ कालच्याच. काल वीस मिनिटांत संपलं आणि उरलेली दहा मिनिटं समोरच्या गच्चीतली कबुतरं बघत बसले. पासवर्ड मात्र त्याला लिहून दिले, ते काम तसंही राहिलंच होतं.

रात्री या युक्तीचा उपयोग होत नाही. पहाटेच्या विचारांना संध्याकाळी या म्हटलं तर ते ऐकत नाहीत. तेव्हा उठून दिवा लावायचा आणि भांडी जागेवर लावायची, आवाज न करता. आवाज होऊ द्यायचा नाही या नादात बाकीचं थोडं मागे पडतं.

रविवार

आईचा फोन. “आवाज असा का येतोय तुझा?” मी म्हटलं, सर्दी झालीय. “वाफ घे मग. आणि दोनदा घे, तू नेहमी एकदा घेऊन सोडतेस.”

फोन ठेवल्यावर खरंच वाफ घेतली. दोनदा. तेवढंच खोटं कमी.

पिशवी भरून ठेवली. चिठ्ठी, जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून, चालू गोळ्यांची यादी, चष्मा. एका कागदावर पाच प्रश्न. समोर बसलं की डोकं रिकामं होतं, हा अनुभव आहे, म्हणून. पुढून बटणं असलेला शर्ट काढला. ताईला पाठवलं, साडेआठला निघू. तिचं उत्तर आलं, “सव्वाआठला खाली उभी असेन.”

सोमवार, सकाळी सात

झोप झाली, चार तास तरी. आंघोळीच्या वेळी हात गेलाच. एकदाच. ती आहे तिथेच आहे.

अंग पुसलं, आणि सवयीने डिओडरंटची बाटली हातात घेतली. झाकण काढलं तेव्हा आठवलं, आज लावायचं नाही, पावडरही नाही. त्यातल्या ॲल्युमिनियमचे कण फिल्मवर पांढऱ्या ठिपक्यांसारखे दिसतात आणि बघणाऱ्याची फसगत होऊ शकते. झाकण लावून बाटली परत फळीवर ठेवली.

दुरुस्त केलेला नळ गळत नाहीये. ताईचा मेसेज आलाय, ती निघाली.